पिक्चर सीडीवर ठेवावा की डाउनलोड करावा? दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरात माझी सीडी लायब्ररी होती. त्याआधी काकांच्या हाताखाली व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं द्यायचं काम केलं. गणपतीत एका रात्री तीन पिक्चर दाखवायचे आणि पहाटे टेम्पोत सामान भरून परत यायचं. आता त्याच गाळ्यात लोकांच्या जुन्या कॅसेट आणि सीडी हार्डडिस्कवर उतरवून देतो. गिऱ्हाईक बदललं, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

आमच्याकडे सीडी आहे, व्हीसीडी आहे की डीव्हीडी, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे सगळ्यालाच सीडी म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न बरोबरच आहे. एकच पिक्चर दोन किंवा तीन चकत्यांवर असेल तर ती व्हीसीडी. तिच्यात सत्तर-ऐंशी मिनिटंच मावतात, म्हणून ऐन मारामारीत उठून दुसरी सीडी टाकावी लागायची. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. जुन्या डब्बा टीव्हीवर ते चालून गेलं, आजच्या ४३ इंची टीव्हीवर चेहरे पुसल्यासारखे दिसतात. डीव्हीडीत ४.७ किंवा ८.५ जीबी मावतं आणि पिक्चर एकाच चकतीवर येतो. ब्ल्यू-रेची डबी बहुतेक निळी असते, क्षमता २५ किंवा ५० जीबी. आपल्या भागात ती फार थोड्या घरांत पोचली. माझ्या दुकानात तर कधी कुणी मागितलीच नाही.

आणखी एक खूण बघा. चकती उलटी करा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर ती कुणीतरी कॉम्प्युटरवर राइट केलेली. पुढची बरीच उत्तरं या एका फरकावर उभी आहेत, तेव्हा ही खूण लक्षात ठेवा.

घरात सीडींचं पोतं भरलंय. फेकून देऊ का?

आधी तीन ढीग करा.

पहिला ढीग बाजारातून आणलेल्या हिंदी-मराठी पिक्चरांचा. त्यातले बहुतेक आज कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतात, तेही तुमच्या व्हीसीडीपेक्षा चांगल्या चित्रात. तो टाकला तरी चालेल. आवडत्या पाच-दहा मूळ डीव्हीडी तेवढ्या ठेवा.

दुसरा ढीग घरचा. लग्न, हळद, साखरपुडा, जाऊळ, आजोबांची पंचाहत्तरी. हा जगात दुसरीकडे कुठंही नाही.

तिसऱ्या ढिगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. अहिराणी गाण्यांच्या, खान्देशची देवी कानबाई हिच्या गाण्यांच्या, गावच्या तमाशाच्या, मालेगावच्या कॉमेडीच्या व्हीसीडी. दहा-वीस रुपयांना बसस्टँडवर मिळायच्या म्हणून त्यांची किंमत वाटत नाही. पण पहिल्या ढिगातल्या पिक्चरला मुंबईत मालक आहे, निगेटिव्ह आहे, विकायला कंपनी आहे. तिसऱ्या ढिगातल्या कित्येक सीडींची मास्टर कॅसेटसुद्धा उरलेली नाही. लोक पहिला ढीग जपतात आणि तिसरा भंगारात घालतात, हे बघून जीव तुटतो.

मोबाइलवर डाउनलोड केलेला पिक्चर महिनाभरानं गायब झाला. कुठं गेला?

गेला नाही, त्याची मुदत संपली. नेटफ्लिक्स, प्राइम यांच्या ॲपमध्ये डाउनलोड दाबलं की येते ती कुलूपबंद फाइल. ती त्याच ॲपमध्ये, तुमचं वर्गणीचं खातं चालू असेपर्यंत आणि कंपनीकडे त्या पिक्चरचे हक्क असेपर्यंतच उघडते. पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावता येत नाही. प्रवासात बघायला ही सोय झकास आहे. भुसावळला गाडीत बसा, मुंबई येईपर्यंत दोन पिक्चर होतात. साठवण म्हणून मात्र तिचा काडीचा उपयोग नाही.

पण मी वर्गणी नाही भरली, 'बाय' दाबून पूर्ण पैसे देऊन घेतला. मग तर माझाच ना?

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण बहुतेकांची फसगत इथंच होते.

डीव्हीडी विकत घेतली की ती चकती तुमची. भाच्याला द्या, जुनी म्हणून विका, मुलाबाळांसाठी ठेवून जा. ऑनलाइन 'बाय' केल्यावर मिळतो तो बघण्याचा परवाना. त्याच्या अटी त्या लांबलचक पानावर असतात, जे न वाचता आपण सगळेच 'मान्य आहे' दाबतो. तो परवाना विकता येत नाही, उसना देता येत नाही, आणि दुकानाचे हक्क संपले तर काय, हे त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेत अल्ट्राव्हायोलेट नावाची डिजिटल तिजोरी होती. डिस्कसोबत कोड यायचा, तो टाकला की पिक्चर तिजोरीत जमा. ३१ जुलै २०१९ ला ती बंद झाली. ज्यांनी आपलं खातं दुसऱ्या दुकानाशी जोडलेलं होतं त्यांचे पिक्चर बहुतांश वाचले, पण ती जोडणी करायचं कष्टाचं काम गिऱ्हाइकाकडे. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं जाहीर केलं की प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यातून काढले जाणार. ओरड झाली, नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला. तोही कायमचा म्हणून नाही, किमान ३० महिन्यांसाठी. शेवटी कॅलिफोर्नियात कायदाच झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' हा शब्द वापरता येत नाही.

माझ्या घरचंच सांगतो. मुलीनं एका ॲपवर लहान मुलांचा एक पिक्चर विकत घेतला होता. पुढं मोबाइल हरवला, नंबर बदलला, जुना ईमेल कुणालाच आठवेना. पिक्चर असेल अजून त्या खात्यात सुखरूप. आम्हाला आत जाता येत नाही. डीव्हीडीला पासवर्ड नसतो.

मग भाड्यानं घेतलेला बरा का?

एकदाच बघायचा असेल तर हो. बहुतेक ठिकाणी पिक्चर सुरू करायला ३० दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. माझ्या लायब्ररीत हिशेब २४ तासांचा होता, आणि सीडी उशिरा आणणाऱ्याचं बोलणं मला ऐकून घ्यावं लागायचं. ॲप कुणाचं ऐकत नाही.

चित्र कशात चांगलं दिसतं?

नुसतं 'एचडी' किंवा 'फोर-के' लिहिलंय म्हणून दोन गोष्टी सारख्या होत नाहीत. दर सेकंदाला किती माहिती येते ते बघा. पाइप केवढा जाड, तसं. व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला साधारण १.१५ मेगाबिट यायचे. डीव्हीडीत जास्तीत जास्त ९.८. ब्ल्यू-रेत ४० पर्यंत. फोर-के ब्ल्यू-रे डिस्क १२८ पर्यंत जाते, तर फोर-के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. म्हणजे स्ट्रीमिंगचं फोर-के डीव्हीडीच्या कितीतरी पुढं, पण डिस्कच्या फोर-केच्या बरंच मागं. अंधारातले सीन, धूर, पाऊस असं काही आलं की स्ट्रीमिंगमध्ये काळ्या भागात चौकटी चौकटी दिसतात. फरक तिथं कळतो. आवाजाचंही तसंच, मात्र त्यासाठी घरात नुसता साउंडबार पुरत नाही.

आता आपल्याकडचा हिशेब. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, फोर-केला ७. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर अडीच तासांचा पिक्चर एचडीत बसतच नाही. मग ॲप गपचूप चित्र खाली आणतं आणि आपण दोष टीव्हीला देतो. फायबर घरात आलंय त्यांची गोष्ट वेगळी. चोपडा-यावलच्या मळ्यात राहणाऱ्यानं भारी टीव्ही घ्यायच्या आधी नेटचा वेग मोजावा, एवढंच माझं म्हणणं.

मेमरी कार्डात पिक्चर भरून देता का?

नाही. पूर्वी भरून द्यायचो, खोटं कशाला बोलू.

आपल्या भागातलं खरं 'डिजिटल डाउनलोड' तेच होतं. लोक समजतात सीडी लायब्ररी ॲपनी मारली. तसं नाही झालं. पहिला दणका २००७ च्या सुमारास बसला. मोझर बेअर कंपनीनं मूळ व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला बाजारात आणली. माझं भाडं दिवसाला दहा रुपये. तीन दिवसांच्या भाड्यात विकतची मिळत असेल तर माझ्याकडे कोण येणार? दुसरा दणका मेमरी कार्डाचा. गल्लीगल्लीत एक कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर आणि बाहेर 'डाउनलोडिंग करून मिळेल' अशी पाटी. वीस रुपयांत दोन पिक्चर आणि वर शंभर गाणी. मीही पाटी लावली. सगळा माल चोरीचा होता, आणि त्याआधी लायब्ररीतलाही अर्धा डुप्लिकेटच होता. मूळ डिस्कसुद्धा भाड्यानं द्यायला हक्कदाराची परवानगी लागते, हे मला धंदा बंद व्हायच्या बेताला कळलं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट फुकट झालं आणि त्या पाट्या वर्ष-दोन वर्षांत उतरल्या. ज्या मोझर बेअरनं मला घरी बसवलं ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली मोडीत निघाली. कुणाचं भलं झालं ते मला विचारू नका.

आज कायदा कडक आहे. थिएटरात मोबाइलवर पिक्चर टिपणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनुसार तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड होऊ शकतो. फुकटच्या साइटवरून उतरवलेल्या पिक्चरसोबत आणखी काय काय येतं, ते बँकेतून पैसे गेल्यावर समजतं.

माझ्या स्वतःच्या डीव्हीडीची कॉपी काढली तर गुन्हा होतो का?

लग्नाच्या किंवा घरच्या सीडीची काढा, ती तुमचीच आहे. विकतच्या पिक्चरच्या डीव्हीडीला कुलूप असतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ए हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. खासगी वापराला रास्त वापराची सवलत कायद्यात आहे, पण ती कुठवर ताणता येईल यावर वकीलच बोलू शकतो. मी दुकानात पिक्चरच्या डीव्हीडीची कॉपी करून देत नाही. कितीही ओळखीचे असलात तरी नाही.

फार जुन्या पिक्चरचं वेगळं. प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षांनी पिक्चरचा कॉपीराइट संपतो. १९६४ चा पिक्चर १ जानेवारी २०२५ ला मोकळा झाला.

"भाऊ, आमनी लगननी सीडी चालत नही." आता काय करायचं?

हा प्रश्न आठवड्यातून चारदा येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मागच्या मे महिन्यात पारोळ्याकडच्या एक ताई आल्या. रुमालात गुंडाळलेल्या तीन सीडी, पार्ट एक, पार्ट दोन आणि हळद. गोदरेज कपाटात शालूच्या घडीत वीस वर्षं जपलेल्या. जपल्या मनापासून, पण कपाट होतं पत्र्याच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. राइट केलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णता तो रंग उडवते. त्यात 'हळद' हे नाव बॉलपेननं दाबून लिहिलेलं. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. सगळे खालची बाजू जपतात, पण वरून उमटलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत माहिती दोन थरांच्या मधोमध असते, म्हणून ती वरून एवढी नाजूक नाही. मी 'हळद' ट्यूबलाइटसमोर धरली. 'ळ'च्या वळणावर सुईच्या टोकाएवढी तीन भोकं, त्यातून उजेड आरपार. तिथली माहिती गेलेलीच.

तरी हार मानायची नाही. आधी मऊ सुती कपड्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग प्लेअर बदला. एका लेन्सला न वाचता येणारी सीडी दुसरी लेन्स वाचते. माझ्याकडे यासाठीच पाच जुने ड्राइव्ह ठेवलेत, त्यातला सगळ्यात कळकट दिसणारा सगळ्यात हुशार निघाला. कॉम्प्युटरवर व्हीसीडी उघडली तर 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये '.डीएटी' फाइल दिसेल. तीच तुमची फिल्म. ती सरळ कॉपी करा, व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये चालते. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ_टीएस' हे फोल्डर जसंच्या तसं उचला. मधेच अटकली तर ड्राइव्हशी झोंबाझोंबी करू नका. खराब भाग वगळून बाकीचं वाचणारी सॉफ्टवेअर असतात, ती रात्रभर लावून ठेवावी लागतात.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलेला असतो. खालच्या बाजूच्या बारीक ओरखड्यांवर कधीकधी काम करतो. ब्ल्यू-रेवर अजिबात करू नका, तिची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असते.

त्या ताईंचे दोन्ही पार्ट पूर्ण निघाले. हळदीतली अकरा मिनिटं नाही निघाली. त्यांची आई नेमकी हळदीतच होती, पण नशीब, दळण्याच्या गाण्यात ती दिसली. ताई दुकानातच रडायला लागल्या, माझ्या पोऱ्यानं पाणी आणून दिलं.

लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की झालं ना?

टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका. आपल्या मिक्सिंगवाल्यांनी वरातीपासून पाठवणीपर्यंत हिंदी गाणी भरलेली असतात. गाण्याच्या हक्कदार कंपनीला यूट्यूबचं यंत्रच कळवतं, आणि मग कधी आवाज बंद होतो, कधी अख्खा व्हिडिओ अडवला जातो. नवरदेव घोड्यावर मुक्यानं नाचतोय, असे व्हिडिओ मी पाहिलेत.

पेनड्राइव्हवर ठेवलं तर?

नेण्याआणण्यापुरतं ठीक. वर्षानुवर्षं ठेवायला नाही. दोन हार्डडिस्कवर दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे द्या. वर्षातून एकदा दोन्ही चालवून बघा.

नवा डीव्हीडी प्लेअर घ्यावा का?

शंभरेक चांगल्या डिस्क घरात असतील तर घेऊन ठेवा, पुढं मिळणं कठीण होत जाणार. सॅमसंगनं नवे ब्ल्यू-रे प्लेअर आणणं २०१९ मध्ये थांबवलं, एलजीनं २०२४ मध्ये. नेटफ्लिक्सची सुरुवातच १९९८ मध्ये पोस्टानं डीव्हीडी पाठवण्यापासून झाली होती, तिनंही २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिस्क पाठवली. व्हीसीआरचं सांगायलाच नको. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. घरात व्हीएचएस कॅसेट असतील तर सीडीच्या आधी त्या उतरवून घ्या, पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.

नुसत्या घरच्या सीडींसाठी प्लेअर नको. यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरे.

मुलगा दुबईहून डिस्क आणतो. इथं चालतील?

डबीवरचा रिजन कोड बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते सांगणारा आकडा किंवा अक्षर. डीव्हीडीसाठी भारत ५, दुबई २, अमेरिका १. ब्ल्यू-रेत भारत सी, दुबई बी, अमेरिका ए. आपल्याकडचे बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेअर सगळं चालवतात. ब्ल्यू-रेवाले हट्टी असतात. फोर-के डिस्कला रिजनचं बंधन नाही.

मालेगावची कॉमेडी आणि अहिराणी गाणी तर आता यूट्यूबवरच येतात. मग जुन्या सीडींचं एवढं काय?

नवी येतात, आणि जोरात येतात. आपल्या बोलीला एवढे प्रेक्षक सीडीच्या काळात कधीच मिळाले नव्हते, त्याबद्दल डिजिटलला शंभर गुण. पण मालेगावच्या शेख नासिर यांच्यासारख्या माणसांनी यंत्रमागाच्या गावात, उसन्या सामानावर पिक्चर बनवायला सुरुवात केली तो काळ कॅसेट आणि व्हीसीडीचा. त्यांची दखल बाहेर घेतली गेली, माहितीपट झाला. त्यांच्या मागं धुळे, जळगाव, नंदुरबारात कितीतरी जणांनी हजार-पाचशे सीडी काढल्या, शेतातलं सोंगाड्याचं नाटक, भिलोरी गाणी, खान्देशी सासू-सुनेचे किस्से. यातलं जे कुणी यूट्यूबवर चढवलं ते वाचलं. बाकीचं तुमच्या पोत्यातल्या तिसऱ्या ढिगात आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पिक्चर जमवतंय, पण शहाद्याच्या बाजारात विकलेली व्हीसीडी तिथवर जाणार कशी?

अशा सीडी आणून द्या. उतरवायचे पैसे घेत नाही. इंटरनेटवर टाकणार नाही, त्याचे हक्क ज्याचे त्याचे. फक्त एक प्रत ठेवून घेतो.

जुन्या सीडी विकल्या जातात का?

भंगारात, किलोवर. नाहीतर शेतात दोरीला बांधा. पाखरं चार दिवस घाबरतात.

काम करून घ्यायला कधी येऊ आणि काय आणू?

सोमवारी बाजार असतो, तेवढा दिवस सोडा. सीडी पिशवीत एकमेकींवर घासत आणू नका, प्रत्येकीला कागदाचं पाकीट करा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आणि सीडीत कोण कोण आहे ते ओळखणारं घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत आणा. फाइलला नाव द्यायला मला तेच लागतं. नाहीतर 'लग्न १', 'लग्न २' अशी नावं पडतात, आणि वीस वर्षांनी पुन्हा मलाच फोन येतो की जिभाऊ, हे कोणाचं लग्न?